शब्दांची ओळख : इंटरेस्ट



या महिन्याचा शब्द तलवाड्याहून आला आहे. गेवराई तालुक्यातील या गावच्या एका भगिनीने लिहिले आहे की, लाडकी बहीण योजनेचे पैसे खात्यात यायला लागल्यापासून मोबाइलवर बँकेचे संदेश येतात. परवाच्या संदेशात २३ रुपये जमा झाल्याचे होते आणि पुढे 'इंटरेस्ट' असा शब्द होता. आठवीतल्या मुलाला विचारले तर तो म्हणाला, "अम्मी, इंटरेस्ट म्हणजे आवड. सर रोज म्हणतात, अभ्यासात इंटरेस्ट घ्या." बँकेला माझी आवड कशाला, म्हणून त्या हसल्या. पण शेजारच्या भाभींनी संदेश पाहून सांगितले की हा तर सूद आहे. तेव्हापासून ते २३ रुपये त्यांच्या मनाला टोचत आहेत. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे : एकच शब्द शाळेत चांगला आणि बँकेत हराम, हे कसे?

मुलगा बरोबर आहे आणि भाभीही बरोबर आहेत. शिवाय या शब्दाला आणखी दोन अर्थ आहेत, जे शाळेत सहसा शिकवले जात नाहीत आणि बँकेच्या संदेशात येत नाहीत. ते येतात कोर्टाच्या आणि रजिस्ट्रीच्या कागदावर. आपल्या घरातल्या मुलींचे सर्वात जास्त नुकसान होते ते तिथे. म्हणून या वेळी शब्द एकच घेतला आहे आणि जागा थोडी जास्त.

आधी मूळ पाहू. इंटरेस्ट हा शब्द लॅटिन भाषेतून इंग्रजीत आला. लॅटिनमध्ये 'इंटर' म्हणजे दोहोंच्या मध्ये आणि 'एस्से' म्हणजे असणे. जे मध्ये आहे, ज्याने फरक पडतो, ज्याच्याशी आपला संबंध आहे, ते इंटरेस्ट. पुस्तकाचा आणि तुमचा संबंध जुळला की ती आवड. शेताशी तुमचा कायदेशीर संबंध असेल तर तो हिस्सा. एखाद्या निर्णयाने तुमचे बरेवाईट होणार असेल तर ते हित. आणि धनको व ऋणको यांच्यामध्ये मुद्दलाशिवाय जी रक्कम उभी राहते ते व्याज. मराठीत यासाठी चार वेगळे शब्द आहेत, इंग्रजीने एकावरच भागवले. म्हणून इंग्रजी वाक्यात हा शब्द दिसला की पहिला प्रश्न विचारायचा : कोणाच्या आणि कशाच्या मध्ये?

आवडीचा अर्थ सोपा आहे, तो लवकर उरकू. मुलांची नेहमी होणारी चूक म्हणजे 'इंटरेस्टेड' आणि 'इंटरेस्टिंग' यांची अदलाबदल. ज्याला आवड वाटते तो इंटरेस्टेड, जे आवड निर्माण करते ते इंटरेस्टिंग. 'आय ॲम इंटरेस्टेड इन सायन्स' म्हणजे मला विज्ञानात रस आहे. 'आय ॲम इंटरेस्टिंग' म्हटले तर अर्थ होतो, मी फार मजेदार माणूस आहे. मुलाखतीला गेलेल्या मुलाने हे वाक्य म्हटले की समोरचे साहेब हसतात आणि मुलाला कळत नाही का हसले. दुसरी गोष्ट, इंटरेस्टेडच्या पुढे 'इन' येतो. 'इंटरेस्टेड ऑन' किंवा 'इंटरेस्टेड अबाउट' नाही. आणि उच्चार. लिहिताना मध्ये 'टे' दिसतो, पण इंग्रजी बोलणारे तो जवळजवळ गिळतात आणि 'इन्ट्रस्ट' असे काहीसे म्हणतात. आपल्याकडे घरातल्या दखनीत "मेरेकू इंट्रस नै" म्हणतात, तेव्हा शेवटचा 'ट' गेला तरी मधला उच्चार इंग्रजांच्या जवळचाच असतो!

लग्न जुळवणाऱ्या ॲपवर 'सेंड इंटरेस्ट' असे बटण असते. तिथे अर्थ एवढाच की हे स्थळ आम्हाला पुढे बघावेसे वाटते. तो होकार नाही, पैगाम नाही आणि मंगनी तर मुळीच नाही. एका घरात मुलीला 'इंटरेस्ट आला' म्हणून मिठाई वाटायची तयारी झाल्याचे ऐकले आहे. मिठाई थांबवा, आधी मुलाची चौकशी करा.

आता २३ रुपयांकडे येऊ.

पैशाच्या संदर्भात इंटरेस्ट म्हणजे व्याज. बचत खात्यात रोज दिवसअखेर जी शिल्लक असते तिच्यावर बँक व्याज मोजते. १ एप्रिल २०१० पासून ही रोजच्या शिल्लकीची पद्धत सर्व बँकांना लागू आहे. मोजलेले व्याज काही महिन्यांनी एकदम खात्यात टाकतात. भगिनीला आलेला संदेश तोच. तो कोणी मागितलेला नव्हता, अर्ज केलेला नव्हता. खाते बचतीचे असले की व्याज आपोआप येते. त्या रकमेचे काय करावे, हा मसला या सदराचा नाही, तो आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावा. एवढे सांगतो की आपल्या देशातील अनेक उलमांचे म्हणणे असे आहे की ती रक्कम बँकेत सोडूही नये आणि स्वतःसाठी वापरूही नये. सवाबची नियत न ठेवता गरजूला देऊन टाकावी. म्हणजे टोचणी योग्य आहे आणि तिच्यावर उपायही आहे.

पण पत्रातला खरा प्रश्न शब्दाचा आहे. आवड आणि व्याज यांना एकच शब्द कसा मिळाला? याचे उत्तर युरोपच्या इतिहासात आहे आणि ते आपल्याला फार ओळखीचे वाटेल.

मध्ययुगात ख्रिस्ती चर्चनेही कर्जावर काहीही जादा घेणे निषिद्ध ठरवले होते. त्या जादा रकमेला लॅटिनमध्ये 'उसुरा' आणि इंग्रजीत 'युझरी' म्हणत. तेव्हा युझरी म्हणजे भरमसाट व्याज नव्हे. एक दमडी जादा घेतली तरी ती युझरीच. पण व्यापार वाढला तसे कायदेपंडितांनी एक वाट काढली. कर्जदाराने ठरल्या दिवशी पैसे दिले नाहीत आणि त्यामुळे देणाऱ्याचे नुकसान झाले, तर ती नुकसानभरपाई घेता येईल, असे त्यांनी म्हटले. ती युझरी नव्हे, ते 'इंटरेस्ट', म्हणजे पैसे वेळेवर मिळणे आणि न मिळणे यांच्यामधला फरक. सुरुवातीला ही सवलत फक्त उशिरासाठी होती. हळूहळू उशीर गृहीत धरला जाऊ लागला, मग पहिल्या दिवसापासून भरपाई धरली जाऊ लागली, आणि इंटरेस्ट हा शब्द सभ्य समाजात राहायला आला. इंग्लंडमध्ये १५४५ साली आठव्या हेन्रीच्या कायद्याने शेकडा १० पर्यंत घ्यायला मुभा दिली. मधल्या काळात ती बंद झाली, १५७१ मध्ये पुन्हा आली, १६२४ मध्ये मर्यादा ८ वर आणि १७१४ मध्ये ५ वर आणली गेली. मर्यादेच्या आतले ते इंटरेस्ट, मर्यादेबाहेरचे ते युझरी, असा नवा अर्थ रुजला. १८५४ मध्ये इंग्लंडने मर्यादाच काढून टाकली आणि युझरी हा शब्द जवळजवळ शिवी म्हणून उरला.

हे आपल्या कामाचे का? कारण पवित्र कुरआनचे इंग्रजी भाषांतर उघडले की हाच झगडा समोर येतो. सूरह बकराच्या २७५ व्या आयतीत व्यापार हलाल आणि रिबा हराम ठरवला आहे. 'रिबा' हा अरबी शब्द वाढणे, वर चढणे या अर्थाच्या धातूपासून आला. त्याच धातूपासून 'रबवा' म्हणजे उंचवटा. मुद्दलावर चढलेली वाढ ती रिबा. मार्माड्यूक पिक्थॉल यांनी १९३० साली आपले भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा रिबासाठी 'युझरी' हा शब्द वापरला. पिक्थॉल हे इस्लाम स्वीकारलेले इंग्रज साहित्यिक. आधी मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते, नंतर हैदराबादला निजामांच्या नोकरीत आले आणि निजामांनी दिलेल्या रजेत त्यांनी हे काम पुरे केले. तेव्हा आपला सगळा मराठवाडा, अर्थात बीड आणि तलवाडाही, त्याच हैदराबाद संस्थानात होता. मुंबईत शिकलेले अब्दुल्लाह यूसुफ अली यांचे भाषांतर १९३४ पासून लाहोरला छापले जाऊ लागले. त्यांनीही 'युझरी'च लिहिले. याउलट १९९७ च्या 'सहीह इंटरनॅशनल' भाषांतरात त्याच जागी 'इंटरेस्ट' आहे.

कॉलेजात शिकणारी मुले ही दोन भाषांतरे मोबाइलवर शेजारी ठेवतात आणि गोंधळतात. 'युझरी' वाचणाऱ्याला वाटते की सावकारी लूट तेवढी मना आहे, बँकेचे ठीक आहे. 'इंटरेस्ट' वाचणाऱ्याला वाटते की सगळेच मना आहे. बँकेचे व्याज आणि रिबा एकच का, यावर चर्चा झालेली आहे. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद सय्यद तंतावी यांनी १९८९ मध्ये सरकारी गुंतवणूक प्रमाणपत्रांवरील उत्पन्न जायज ठरवले होते आणि जगभरच्या बहुसंख्य उलमांनी ते मान्य केले नाही. पण ही चर्चा करायची असेल तर अरबी शब्दावर करावी. इंग्रजी शब्दावर निकाल लावणे म्हणजे आठव्या हेन्रीच्या कायद्यावरून कुरआनचा अर्थ ठरवणे होय. मुळात आयतीत ना युझरी आहे ना इंटरेस्ट, तिथे रिबा आहे.

आपल्या भाषांमध्येही या शब्दांच्या गमती आहेत. फारसीत 'सूद' म्हणजे फायदा. म्हणून उर्दूत 'बेसूद' म्हणजे निरुपयोगी आणि 'सूदमंद' म्हणजे उपयोगी. इंग्रजीप्रमाणेच इथेही फायद्याच्या शब्दाने व्याजाचे काम केले. मराठीने मात्र उलटे केले. संस्कृतात 'व्याज' म्हणजे कपट, बहाणा. म्हणूनच मराठीत 'निर्व्याज प्रेम' म्हणतात. त्याचा अर्थ बिनव्याजी प्रेम असा नसून ज्यात कपट नाही असे प्रेम. इंग्रज हित म्हणाला, इराणी फायदा म्हणाला, आणि आपल्या मातीने घेतलेल्या शब्दाच्या पोटात बहाणा आहे. मला मराठीचा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो.

आता हिशेबाचे इंग्रजी, कारण खरे फसणे इथे आहे. व्याजाबरोबर येणारा दुसरा शब्द 'प्रिन्सिपल', म्हणजे मुद्दल. शाळेचे मुख्याध्यापकही प्रिन्सिपल, कारण दोन्हींचा अर्थ मुख्य. 'सिंपल इंटरेस्ट' म्हणजे सरळव्याज, 'कंपाउंड इंटरेस्ट' म्हणजे चक्रवाढ. गावात कोणी म्हणाले, "तीन टक्क्याने देतो," तर ते तीन टक्के महिन्याचे असतात, हे बीड जिल्ह्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. पण शाळेत व्याजाची गणिते वार्षिक दराने शिकवलेली असतात, म्हणून शिकलेली सूनसुद्धा कधी चुकते. १०,००० रुपयांवर महिना ३ टक्के म्हणजे वर्षाला ३,६०० रुपये. व्याज दिले नाही आणि ते दरमहा मुद्दलात मिळवले तर वर्षाअखेर देणे सुमारे १४,२५८ रुपये आणि दोन वर्षांत २०,३२८. दोन वर्षांत दुप्पट. सूरह आलि इमरानच्या १३० व्या आयतीत दुप्पट-चौपट वाढत जाणाऱ्या रिबाचा उल्लेख आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात मुदत संपली की धनको विचारायचा, फेडतोस की वाढवतोस? आपल्याकडच्या जुन्या हिंदू कायद्यातही 'दामदुपट' नावाचा नियम होता, की एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येणार नाही. वाढीला कुठेतरी बांध घालावा लागतो, हे सगळ्यांना कळत होते.

इंग्रज सरकारने १८५५ मध्ये आपल्या ताब्यातल्या हिंदुस्थानातील व्याजाच्या मर्यादेचे कायदे रद्द केले. वीस वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि पाठोपाठ शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात शेतकरी सावकारांच्या दारात जमले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे. अनेक ठिकाणी कागद हिसकावून घेतले आणि जाळले. ज्या कागदावर आपण अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते, पण सगळे त्या कागदात आहे हे पक्के कळले होते. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

आज अंगठ्याच्या जागी सही आली आहे. पण कागद अनेकदा अजून वाचला जात नाही, कारण तो इंग्रजीत असतो. बचत गटाच्या किंवा मायक्रोफायनान्सच्या कर्जाच्या कागदावर दोन शब्द शोधा : 'फ्लॅट' आणि 'रिड्यूसिंग'. समजा १०,००० रुपये वर्षभरासाठी १२ टक्के 'फ्लॅट' दराने मिळाले. व्याज १,२०० रुपये, एकूण ११,२००, बारा हप्ते, प्रत्येक हप्ता सुमारे ९३३ रुपये. ऐकायला महिना एक टक्का. पण सहा महिन्यांनी निम्मे मुद्दल तुम्ही परत केलेले असते, तरी व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवरच मोजलेले असते. उरलेल्या मुद्दलावर, म्हणजे 'रिड्यूसिंग' पद्धतीने हिशेब केला तर हाच दर २१ टक्क्यांच्या वर जातो. बारा सांगून एकवीस. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२२ च्या निर्देशांनुसार, वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेल्या विनातारण कर्जाच्या बाबतीत व्याज आणि सर्व खर्च मांडलेले माहितीपत्रक कर्जदाराला द्यावे लागते आणि ते त्याला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. तेव्हा मराठीत कागद मागणे ही मेहरबानी मागणे नव्हे. असे कर्ज मुदतीआधी फेडले तर दंडही लावता येत नाही.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक शब्द : 'इंटरेस्ट सबव्हेन्शन', म्हणजे व्याज सवलत. पीक कर्ज वेळेवर फेडले तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाखांपर्यंतचे कर्ज शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडते. वेळ चुकली की शून्य जाते. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी ती तारीख दारावर लिहून ठेवावी. ऊसतोडीच्या उचलीवर मात्र कागदावर इंटरेस्ट हा शब्दच नसतो. उचल फिटली नाही की माणूस पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे बांधला जातो. शब्द नसला म्हणजे ओझे नसते असे नाही.

इथे एक गोष्ट आठवते. सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनमधील सर्वात लांब आयत आहे आणि ती नमाज-रोजाविषयी नाही, उसनवारी लिहून ठेवण्याविषयी आहे : लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो की मोठी. मजकूर कर्जदाराने सांगायचा आहे. म्हणजे त्याला कागदातला शब्द न् शब्द माहीत असला पाहिजे. आपण नेमके उलटे करतो. साहेब बोट ठेवतात तिथे सही. तिच्या दोनच आयती आधी, २८० मध्ये, अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगितले आहे. आणि आपल्या निरोपाच्या हजच्या प्रवचनात हजरत मुहम्मद (स.) यांनी अज्ञानकाळातील सगळा रिबा रद्द केला तेव्हा सर्वात पहिला रद्द केला तो स्वतःच्या चुलत्यांचा, हजरत अब्बास (रजि.) यांचा.

आता ते दोन अर्थ, जे सुरुवातीला राखून ठेवले होते.

पहिला हित. 'पब्लिक इंटरेस्ट लिटिगेशन' म्हणजे जनहित याचिका. इथे इंटरेस्टचा ना आवडीशी संबंध ना व्याजाशी. भारतात या प्रकारच्या याचिकांची सुरुवात ज्या खटल्यांपासून मोजतात त्यात १९७९ चा हुसैनारा खातून खटला अग्रभागी आहे. बिहारच्या तुरुंगांत खटला सुरू न होताच वर्षानुवर्षे अडकलेल्या कैद्यांची बातमी वाचून वकील पुष्पा कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हुसैनारा खातून त्या कैद्यांपैकी एक. त्या खटल्यामुळे सुमारे ४०,००० कच्चे कैदी सुटले. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव पाठ असते. आपल्या मुलींनाही असावे.

दुसरा अर्थ हिस्सा, आणि हा पत्रात विचारलेला नसला तरी मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. मिळकतीच्या कागदावर 'राइट, टायटल अँड इंटरेस्ट' अशी तीन शब्दांची माळ येते. मराठी दस्तात तिचे 'हक्क, मालकी व हितसंबंध' असे काहीसे रूप दिसते. इथे इंटरेस्ट म्हणजे त्या मिळकतीतला तुमचा कायदेशीर संबंध, तुमचा वाटा. बँकेचाही तुमच्या जमिनीत असा इंटरेस्ट असतो. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात जो बोजा चढतो तो हाच.

बाप गेल्यावर काही महिन्यांनी भाऊ बहिणीला तहसीलला किंवा रजिस्ट्री ऑफिसला नेतो. "फक्त सही आहे." कागद असतो हक्कसोडपत्राचा. त्यात लिहिलेले असते की या मिळकतीत माझा कोणताही राइट, टायटल किंवा इंटरेस्ट राहिलेला नाही. दहावी शिकलेली बहीण तो शब्द ओळखते आणि अर्थ लावते : मला यात रस नाही. खरेच आहे, तिला घराच्या भिंतींत रस नाही, तिला माहेर तुटू नये एवढेच हवे आहे. ती सही करते. रस नसल्याची म्हणून केलेली सही हिस्सा नसल्याची होते.

सूरह निसाच्या सातव्या आयतीत आईबाप आणि नातलग मागे ठेवतात त्यात पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही वाटा ठरवून दिला आहे, थोडे असो की जास्त. आणि अकराव्या आयतीत प्रमाण सांगितले आहे. हे भावाने दिलेले दान नव्हे. आपल्या वैयक्तिक कायद्यानुसार हा वाटा वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच वारसांचा होतो. नोंद मागाहून होते, पण हक्क आधी लागलेला असतो. कायद्याच्या इंग्रजीत याला 'व्हेस्टेड इंटरेस्ट' म्हणतात, पक्का झालेला हक्क. वर्तमानपत्रात 'व्हेस्टेड इंटरेस्ट' म्हणजे स्वार्थी मंडळींचा गट. कोर्टात तो चांगला शब्द आहे. वडील हयात असताना मात्र मुलामुलींचा वारसा हा इंटरेस्ट नसतो. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा त्याला फक्त 'चान्स' म्हणतो, आणि चान्स विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

बहिणीने समजून उमजून, आपल्या मर्जीने भावाला वाटा दिला तर तो तिचा अधिकार आहे. पण त्यासाठी आधी तो वाटा किती, हे तिला आकड्यात सांगितले गेले पाहिजे. नुसते "तुला इंटरेस्ट आहे का?" असे विचारून नव्हे. ज्या घरात २३ रुपयांचे व्याज मनाला टोचते, त्या घरात बहिणीचे २३ गुंठेही टोचायला हवेत. बँकेचा इंटरेस्ट घरात आला म्हणून आपण अस्वस्थ होतो. बहिणीचा इंटरेस्ट घरातच दाबून ठेवला तर कोणी फतवा विचारायला जात नाही.

मुलांसाठी शेवटची एक जोडी. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे ज्याला रस नाही असा. 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निष्पक्ष. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा. अनइंटरेस्टेड असला तर तो खटल्यात डुलक्या घेईल. वाटणीला बसवायचा पंच शोधताना पहिला प्रकार निवडा. दोन शब्दांतला फरक परीक्षेत एका गुणाला विचारतात.

तलवाड्याच्या भगिनींनी मुलाला हे सदर वाचून दाखवायला सांगावे. पुढच्या महिन्यासाठी परभणीहून 'बॅलन्स' हा शब्द आला आहे, इन्शाअल्लाह तो घेऊ.